नागावच्या विज्ञानघरातली कप्पीची खुर्ची

परत आल्यापासून कोळीवाड्यातल्या बायका विचारतात, नागावला काय बघितलंस? मी म्हणते, छान होतं. चार माणसांत मला याच्यापुढे बोलता येत नाही. माझ्याबरोबर माझी थोरली नणंद होती, हिराबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या मात्र सगळ्यांना सांगतात आणि दर वेळी त्यांची गोष्ट थोडी वाढते. परवा तर म्हणाल्या, मी आढ्याला जाऊन टेकले होते. तसं काही झालं नव्हतं. जे झालं ते मी इथे लिहून ठेवते. ज्यांनी ते विज्ञानघर पाहिलेलं नाही त्यांना ते कसं उभं राहिलं ते तरी कळेल. त्याची सुरुवात आमच्या गावात झाली आणि आज आमच्या गावात त्याचा एक खिळाही उरलेला नाही.

आमच्या गावात

आमचं गाव बोर्ली पंचतनच्या पुढे, दिघीच्या अलीकडे. शाळेत अनंत सर म्हणून शिक्षक आले होते. त्यांनी किनाऱ्यावरची जाळी ठेवायची एक रिकामी शेड मागून घेतली आणि तिथे वस्तू जमवायला सुरुवात केली. फुटक्या चष्म्यांच्या काचा, सायकलचं चाक, जुन्या भोंग्यातलं लोहचुंबक, पाणी भरलेल्या बाटल्या. दारावर खडूने लिहिलं होतं, ‘हात लावा.’ गावात सगळे त्याला सरांचं भंगार म्हणायचे. पोरं मात्र शाळा सुटली की तिकडेच पळायची.

आमचे हे होडीवर जायचे आणि होड्या दुरुस्तही करायचे. सरांनी त्यांच्याकडून एक खुर्ची करून घेतली. मोडीत काढलेल्या एका होडीच्या लाकडी कप्प्या ह्यांनी आढ्याला आणि खुर्चीला बसवल्या आणि त्याच होडीचा दोर त्यांतून ओवला. खुर्चीत बसायचं, दोर आपल्याच हातांनी ओढायचा आणि आपलं आपण वर जायचं. लहान पोरसुद्धा स्वतःला उचलून घ्यायचं. लांबलांबून लोक बघायला आले. भंगार म्हणणारेही येऊन बसून गेले.

बायका मात्र बसल्या नाहीत. आमच्या घरात आणि आसपासच्या घरांतही बाईने होडीच्या दोराला हात लावायचा नाही. मासळी उतरली की ती निवडणं, खारवणं, वाळवणं, बाजारात नेऊन घासाघीस करणं, सगळं आमच्याच हातचं. दोराला तेवढा हात लावायचा नाही. का, ते मला सासूबाईंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांना त्यांच्या सासूने असंच सांगितलं असणार.

एक दिवस जेवताना हे म्हणाले, “उद्या सरांच्या शेडकडे ये.” ह्यांनी मला असं कुठे बोलावलं, असं त्याआधी झालं नव्हतं. घरात सासरे, दीर, भरलेलं घर. आम्ही एकमेकांशी सगळ्यांसमोर बोलतही नसू. दुसऱ्या दिवशी मी गेले. एकटी कशी जाणार, म्हणून माहेरपणाला आलेल्या वन्संना घेऊन गेले. दारात गावच्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यात आम्ही उभ्या राहिलो. पोरं उतरली तसा ह्यांनी दोर हातात घेतला आणि तो माझ्याकडे केला. हसत होते. मी एक पाऊल पुढे टाकलं असेल नसेल, वन्संनी माझा पदर धरून मागे ओढला.

“मागं हो, द्वारके. दोर होडीचा हाय त्यो.”

बायका हसल्या. मीही पदर तोंडाला लावून हसले. हे वन्संकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं आणि दोर खुंटीला अडकवला. नंतर घरी त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही.

पुढे रस्ता रुंद करायला शेड पाडली. सरांची बदलीही झाली होती. त्यांनी सगळं टेम्पोत भरून मुरुडला नेलं. हे खुर्ची बसवून द्यायला गेले. मुरुडहून ते सगळं नागावला गेलं तेव्हाही हेच गेले. मी कुठेच गेले नाही. आधी पोरं लहान होती, मग सासरे अंथरुणाला खिळले, मग हेच आजारी पडले आणि गेले.

या पौषात सरांचा फोन आला. म्हणाले, “द्वारकाबाई, नवं दालन झालंय. येऊन बघा. मी आता मुलीकडे राहायला जाणार, पुन्हा भेट होईल न होईल. नामदेवची खुर्ची आहे इथे.”

मी “बरं” म्हणाले. फोन ठेवल्यावर मनात एकच होतं. एकदा त्या खुर्चीत बसायचं. ह्यांनी बोलावलं होतं, आणि ते बसायचं राहून गेलं होतं.

एकटीने जायची माझी हिंमत नव्हती. वन्संना विचारलं. आता त्याही आमच्याच गावात, लेकाकडे असतात. म्हणाल्या, “चल. माझ्या भावाचं काम मी तरी कुठं बघितलंय नीट.”

दिघी

निघताना वन्संनी सुक्या बोंबलांची आणि सोड्यांची पिशवी बरोबर घेतली. कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून. एसटीत कंडक्टर म्हणाला, “मावशी, तुमच्या पिशवीचं तिकीट काढा, सगळ्या गाडीत फिरतीय ती.”

वन्सं म्हणाल्या, “भूक लागली व्हय रं तुला? घरी ये, भाजून घालते.”

सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला असं काही सुचत नाही. सुचलं तरी उतरायच्या वेळी सुचतं.

दिघीच्या जेट्टीवर आम्ही उभ्या होतो. पलीकडून आगरदांड्याची लाँच येत होती. जवळ आल्यावर पुढे उभ्या खलाशाने दोराचं वेटोळं फेकलं ते नेमकं माझ्या पायाशी पडलं. “मावशी, धर!” तो ओरडला. मी वाकले. तेवढ्यात वन्संनी मला दंडाला धरून मागे घेतलं. त्यांच्या ते अंगातच आहे, विचार करून केलं नाही त्यांनी. दोर सरकत सरकत पाण्यात गेला. लाँच धक्क्यावर आपटली, आतली माणसं एकमेकांवर पडली.

खलाशी वैतागला. “अहो, साप होता का तो? कोळणी ना तुम्ही?”

“कोळणीच हाव, म्हणून तर न्हाय धरला,” वन्सं म्हणाल्या. “तुज्या आईला विचार.”

त्याने भिजलेला दोर ओढून घेतला. दुसऱ्यांदा दोर फेकला, तो एका रिक्षावाल्याने धरून खुंट्याला गुंडाळला. लाँचमध्ये बसल्यावर माझे हात मांडीवर होते आणि मला त्यांची उगीच लाज वाटत होती.

मुरुड

मुरुडला आम्ही रुकय्याबीकडे उतरलो. सरांनी मुरुडला त्यांच्याच घराची ओसरी भाड्याने घेतली होती आणि सरांनीच त्यांना आमच्याबद्दल फोन केला होता. घर मशिदीच्या मागच्या गल्लीत, पुढे विहीर, मागे माड. बाई माझ्याच वयाची असेल. दारातच म्हणाली, “ही नामदेवभाऊची बायको? या अल्ला, किती वर्षं वाट बघायला लावलीस गं!”

मी पिशवी पुढे केली. तिने वास घेतला आणि खूश झाली.

ओसरीच्या तुळईला एक जाड लोखंडी कडी आहे. तिला आता नातवाची झोळी बांधलेली होती आणि पोर आत झोपलेलं होतं. रुकय्याबी झोळीला झोका देत सांगायला लागली. सर आले तेव्हा लोकांना वाटलं, मास्तर भंगाराचा धंदा करतात. मग त्यांच्या मदरशातली पोरं, कोळीवाड्यातली पोरं, एसटी स्टँडवर खेळणारी पोरं, सगळी या ओसरीत जमायला लागली. रोज काहीतरी मोडायचं. ज्याने मोडलं त्याने बसून दुरुस्त करायचं, असा सरांचा नियम. मुंबईहून फिरायला आलेली काही माणसं पाणी प्यायला म्हणून थांबली आणि संध्याकाळपर्यंत हललीच नाहीत. त्यांनीच पुढे नागावला वाडीतली जागा मिळवून दिली. “मोठं झालं, चांगलंच झालं,” ती म्हणाली. “पण माझी ओसरी मुकी झाली.”

“आणि खुर्ची?” वन्संनी विचारलं.

“इथेच लटकायची, या कडीला. दुपारी पोरं नसली की मी बसायची. दोर ओढायचा आणि वर जाऊन गल्ली बघत बसायचं. आमचा नवरा म्हणायचा, बेगम, जेवण कोण करणार, ते मास्तर?”

वन्सं मोठ्याने हसल्या. मीही हसले, पण मला कुठेतरी लागलं. ही बाई रोज बसायची.

रुकय्याबी माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझा नवरा खुर्ची लावायला आला तेव्हा मी पहिल्यांदा बसली ना, तर तो म्हणाला, भाभी, आमच्या घरच्या बाईला पण एकदा घेऊन येईन इथे. मी म्हटलं, आण, मेहमानाला जेवण माझ्याकडे.”

आज ते जेवण तिने केलं. तांदळाच्या रोट्या, कोळंबीचं सालन आणि तांदळाचं वाफवलेलं पांढरं गोडसर सांदण. आमच्याकडे कोळंबीत कोकम पडतं आणि तिखट जास्त. तिचं सालन नारळाच्या दुधातलं, जिभेला मऊ लागणारं. वन्संनी दोनदा वाढून घेतलं आणि वर म्हणाल्या, “तिखट इसरली का गं?” रुकय्याबीने हिरव्या मिरच्यांची वाटी त्यांच्यापुढे आदळली आणि दोघी हसत सुटल्या. ओळख होऊन एक प्रहरही झाला नव्हता.

हात धुवायला मागे गेले तर विहिरीपाशी शेजारची बाई नारळाची भिजलेली सोडणं काठीने बडवून काथ्या काढत होती. तो आंबूस वास आला आणि मला आमची पडवी आठवली. एका वर्षी ह्यांनी सांगितलं म्हणून मी नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात भिजत घातली होती. ती काढून, बडवून, धुऊन काथ्या केला होता. हात सोलवटले होते. मग संध्याकाळी हे पडवीत बसून दोर वळायचे. कशाला, ते मी विचारलं नाही. घरात दोर लागतोच.

नागाव

दुसऱ्या दिवशी काशीद, रेवदंडा, चौल करत एसटीने नागावला. उतरल्यावर बघितलं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहण्याच्या, जेवण्याच्या पाट्याच पाट्या. माणसं समुद्रात रबराच्या केळ्यावर बसून बोंबलत होती. वन्सं म्हणाल्या, “पैसे देऊन बुडायला येतात गं ही.” आमची राहायची सोय सरांनी एका वाडीतल्या घरी केली होती, एकाच रात्रीची, कारण पुढे त्यांच्या खोल्या भरलेल्या होत्या.

विज्ञानघर वाडीच्या टोकाला आहे. पोफळींमधून वाट जाते आणि मग एकदम गोल इमारत दिसते. मी पाटी वाचली. मला वाचायला वेळ लागतो पण वाचता येतं. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘हात लावा.’ खडूने नाही, पितळेची अक्षरं आहेत. ती मी हात लावून बघितली.

आत प्राजक्ता नावाची चौलची मुलगी आम्हाला फिरवायला आली. लोखंडाची वाटी तरंगते आणि लोखंडाची गोळी बुडते, ते बघितलं. ते आम्हाला होड्यांमुळे ठाऊकच होतं. एका चकचकीत गोळ्याला हात लावला की केस उभे राहतात. वन्संचे केस तेल लावून चापलेले, ते हललेसुद्धा नाहीत. “माझं डोकं बिघडलंय की तुझं यंत्र?” त्यांनी विचारलं. प्राजक्ता हसून हसून खाली बसली.

बाहेर बागेच्या दोन टोकांना दोन मोठ्या थाळ्या उभ्या केल्या आहेत, माणसापेक्षा उंच. एकीकडे तोंड करून हळू बोललं की दुसरीकडे कान देणाऱ्याला ऐकू येतं, मधल्या माणसांना नाही. वन्संना एकीकडे उभं करून मी दुसरीकडे गेले. कानाशी कोणी बोलावं तसा त्यांचा आवाज आला, “द्वारके, चप्पल चावतीय.” मला फार गंमत वाटली. मीही बोलले. तोंड न दाखवता बोलायचं असेल तर मला पुष्कळ बोलता येईल असं वाटलं.

मग नव्या दालनात खुर्ची दिसली.

ती ह्यांची खुर्ची नव्हती. लोखंडी पाइपांची चौकट, प्लास्टिकची बैठक, पट्टा, निळा नायलॉनचा दोर. वर चकचकीत कप्प्या. बाजूला पाटी होती: कप्प्या वाढवल्या की जोर कमी लागतो, पण दोर जास्त ओढावा लागतो. पुण्याहून सहलीला आलेल्या मुलांची रांग होती. एकेक मूल बसायचं, वर जायचं, बाई शिट्टी वाजवायच्या, खाली यायचं. मी मागे उभी राहिले. खुर्ची नवी असो, बसायचं तर होतंच. पण एवढ्या मुलांत, पुण्याच्या बायकांत, मी कशी पुढे जाऊ? सहल गेली की बसेन, असं ठरवलं.

सहल गेली. प्राजक्ता म्हणाली, “बसताय का कुणी?”

मी तोंड उघडेपर्यंत वन्सं बसल्यासुद्धा. “बघू तरी माझ्या भावानं काय केलंय.” त्यांनी पदर खोचला, दोर बघितला, “ह्यो काय होडीचा न्हाय, पिलास्टिक हाय” असं स्वतःशीच म्हणाल्या आणि ओढायला लागल्या. त्या चांगल्या भरल्या अंगाच्या. तरी वर गेल्या! त्यांचा चेहरा असा झाला होता की मी तो विसरणार नाही, लहान पोरीसारखा. “अगं, मीच ओढते मला! द्वारके, बघ!” म्हणत त्यांनी मला दाखवायला एक हात सोडला. मग दुसराही निसटला. खुर्ची झपकन खाली आली, वन्सं किंचाळल्या, ढिला पडलेला दोर वरच्या कप्पीवरून उडाला आणि चाकाच्या बाजूला घट्ट अडकून बसला. वन्सं जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर लोंबकळत राहिल्या. खालीही येईनात, वरही जाईनात. शिडी आणून दोघा माणसांनी त्यांना उतरवलं.

“मेलं, खेळणं बांधलंय का काय?” त्या रागावल्या. कुठे लागलं नव्हतं. प्राजक्ताने खुर्चीला साखळी लावली आणि ‘बंद आहे’ अशी पाटी अडकवली.

त्याच वेळी काठी टेकत सर आले. फार म्हातारे झालेत. वन्संची चौकशी केली, मग माझ्याकडे वळले. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं.

मी धीर करून विचारलं, “ह्यांनी केलेली कुठे आहे?”

सर म्हणाले, “हीच ती. आणि नाहीसुद्धा. द्वारकाबाई, इथे वस्तू जपून ठेवत नाहीत, वापरतात. नामदेवने बसवलेली बैठकीची फळी झिजली, ती बदलली. कप्प्या फुटल्या, त्या बदलल्या. चौकट वाळवीने खाल्ली. एकेक करत सगळं बदललं. रोज शेकडो हात लागतात. माझी चूक झाली, निदान एक कप्पी मी ठेवायला हवी होती.” जरा थांबून म्हणाले, “सगळ्यात जास्त टिकला तो तुमचा दोर.”

“आमचा?”

“तुम्ही काथ्या केला होतात ना? त्याने वळलेला.” सर माझ्याकडे बघत होते. “तुम्हाला माहीत नाही? आधी होडीचा दोर होता. चांगला होता. एक दिवस नामदेव नवा दोर घेऊन आला. मी म्हटलं, हा कशाला? तर म्हणाला, सर, तो होडीचा आहे, घरच्या बाईला चालत नाही. हा समुद्रावर गेलेला नाही, हिला बसता येईल. नवा काथ्या हाताला टोचतो म्हणून त्याने घरून खोबरेल आणून चार दिवस चोळला. काळाभोर झाला अगदी.”

मला दिसत होता तो. ह्यांच्या हातातला, तेलकट, काळा. जुन्या होडीच्या दोरासारखा दिसणारा. मला टोचू नये म्हणून चोळलेल्या तेलानेच तो तसा दिसत होता.

“त्या दिवशी मी त्याला म्हटलं, अरे, सांग की त्यांना, नवा आहे म्हणून,” सर म्हणाले. “तो म्हणाला, अक्का बोलली, आता चार लोकांत तिला खोटं कसं पाडू? मला वाटलं, घरी जाऊन सांगितलं असेल.”

नव्हतं सांगितलं. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण आमच्या घरात तशी बोलायची रीतच नव्हती. कशाला वळताय दोर, एवढं एक विचारलं असतं. माझ्याच हातांनी केलेला काथ्या मला ओळखता आला नाही.

वन्सं माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. एरवी त्यांचं तोंड थांबत नाही. आता त्या पायातल्या चपलेकडे बघत होत्या.

मी उठले आणि प्राजक्ताला म्हणाले, “मला बसायचंय.” माझा आवाज मोठा निघाला. इतका की मलाच नवल वाटलं.

तिचा चेहरा पडला. “काकू, दोर अडकलाय. वर चढून काढायची आम्हाला परवानगी नाही. अलिबागहून मेकॅनिक येतो, तो आता सोमवारी येणार.”

सर म्हणाले, “आमच्या शेडमध्ये असतं तर एखादं पोर चढलं असतं आणि मोकळा केला असता.” मग मान हलवून म्हणाले, “तेव्हा रोज तीच मुलं यायची. मोडायची, जोडायची. आता बस येते, शिट्टी वाजते, बस जाते. मोठं व्हावं म्हणून मीच धडपडलो. झालं. आता मोडलं तर हात लावायचा नाही.”

मी साखळीपाशी उभी राहून बघितलं. निळा दोर कप्पीत चेपून बसला होता.

नंतर मी बागेत गेले आणि त्या मोठ्या थाळीपाशी उभी राहिले. तिथे सावली होती आणि कोणी नव्हतं. थोड्या वेळाने पोफळींमागून वन्सं दिसल्या. त्या पलीकडच्या थाळीपाशी गेल्या आणि तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी कान दिला. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, लांबचा रस्ता चालून आल्यासारखा. बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो. मग त्या गेल्या.

संध्याकाळी वाडीच्या मालकांनी आमच्यासाठी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. मी ती आधी कधी खाल्ली नव्हती. शेंगांना पाल्याचा वास लागलेला असतो. फार चांगली होती. वन्संनी दोन शेंगा सोलल्या आणि माझ्या पानात ठेवल्या. स्वतः खाल्लं नाही.

“सोमवारपर्यंत राहायचं का?” त्यांनी विचारलं.

“खोली नाही,” मी म्हटलं.

“परत येऊ.”

“बघू,” मी म्हटलं. परत येणं होणार नाही, ते दोघींच्याही गुडघ्यांना माहीत होतं.

आगरदांडा

परतीच्या दिवशी सर एसटीपर्यंत पोचवायला आले. गाडी सुटताना त्यांनी हात वर केला तो तसाच धरून ठेवला. मुरुडला गाडी बदलताना रुकय्याबी स्टँडवर सांदणाचा डबा घेऊन उभी होती. “बसलीस का गं?” तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने वन्संकडे बघितलं आणि डबा माझ्या हातात ठेवला.

आगरदांड्याच्या जेट्टीवर ऊन होतं. भरती चढत होती. आम्ही कडेला उभ्या होतो आणि दिघीची लाँच येताना दिसत होती. पुढे तोच खलाशी उभा होता. त्याने आम्हाला ओळखलं, म्हणून त्याने दोराचं वेटोळं आमच्यापासून लांब, एका तरुणाच्या बाजूला फेकलं. तरुण पुढे झाला.

“थांब रे,” वन्सं म्हणाल्या.

त्यांनी वाकून दोर स्वतः उचलला. मी बघतच राहिले. जन्मात त्यांनी होडीचा दोर धरला नव्हता. तो त्यांनी माझ्यापुढे केला, ह्यांनी केला होता तसाच.

“धर, द्वारके.”

“वन्सं, होडीचा आहे.”

“ठाव हाय मला कशाचा हाय त्यो. धर म्हनते ना.”

मी दोन्ही हातांनी धरला. ओला होता, खरखरीत, मिठाने ताठ झालेला. लाटेबरोबर लाँच मागे गेली आणि दोर एकदम ताणला. ती ओढ तळहातातून कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत आली. मी पाय रोवले. इतकी वर्षं होडीवरून आलेले ह्यांचे हात मी बघितले होते, त्यांना तेल लावलं होतं. पण रोज त्यांना काय ओढत असेल ते मला कळलं नव्हतं.

“सोडा आता, मावशी,” तो तरुण म्हणाला. “खुंट्याला गुंडाळतो.”

मी लगेच सोडला नाही.